जेवण केलो, मग काय झालं?

परवाचं भांडण दत्तामुळे सुरू झालं, आणि तेही बिचाऱ्याने काही भांडायला लिहिलं नव्हतं. आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं कुठंयस, तर याने लिहिलं 'आत्ताच जेवण केलो, येतो कट्ट्यावर'. त्यावर पुण्यात सेटल झालेला आमचाच एक मित्र, जो स्वतः बारावीपर्यंत इथे सोलापुरात केलो-खाल्लो-दिलो करत हिंडत होता, त्याने लगेच खाली टाकलं 'जेवण केलं. केलो नाही. मराठी बिघडवू नका रे'. आणि पुढे हात जोडलेला इमोजी. दत्ता कट्ट्यावर आला तोच तापून.

कट्टा म्हणजे सात रस्त्याजवळ एका कायम बंद असलेल्या दुकानाच्या पायऱ्या, शेजारी चहाची गाडी. त्या दिवशी दत्ता (मोबाईल रिपेअरिंग), सलीम (डीटीपी आणि फ्लेक्स), निलेश (चार वर्षं भरतीचा अभ्यास), स्वाती (सेतू केंद्रात ऑपरेटर), बनसोडे काका आणि मी एवढे होतो. काका आमच्यापेक्षा चाळीसेक वर्षांनी मोठे, एका दैनिकात आधी खिळे (छपाईची शिशाची अक्षरं) जुळवायचे आणि नंतर प्रूफं तपासायला बसले ते रिटायर होईपर्यंत. संध्याकाळी पाय मोकळे करायला निघतात आणि आमच्याकडे येऊन पायाला विश्रांती देतात.

दत्ताचं म्हणणं एका वाक्याचं होतं. "बे, तुला कळलं ना मी जेवलो? मग झालं की."

निलेश म्हणाला कळण्याचा प्रश्न नाही, चूक ती चूक. सकर्मक क्रियापद भूतकाळात असलं की ते कर्माच्या मागे जातं, मी भाकरी खाल्ली, मी आंबा खाल्ला, मी जेवण केलं. हे तो अशा स्पीडने म्हणाला की भरतीच्या पुस्तकाचं पानच डोळ्यासमोर आलं.

"बरं," काका म्हणाले, "मग चहा पिऊन झाल्यावर तू काय म्हणतोस?"

"चहा प्यायलो."

"चहा कर्म आहे ना? मग प्यायलो कसा? आणि धडा शिकलो, छत्री विसरलो, भात जेवलो हे सगळं कसं चालतं?"

निलेश दोन सेकंद गप्प झाला आणि म्हणाला ते अपवाद आहेत. काका म्हणाले अपवाद आहेत हे बरोबर, पण बघ, पुस्तकातल्या मराठीतसुद्धा काही क्रियापदं कर्माला सोडून कर्त्याच्या मागे जातात, सोलापूरच्या बोलीने तेच पुढे नेलं आणि सगळ्याच क्रियापदांना लावलं, एवढाच फरक. आणि का लावलं तेही उघड आहे, इथे कितीतरी घरांत कानडी नाहीतर तेलुगू. दत्ताच्या घरी कानडी बोलतात, तो म्हणाला हो की, आई म्हणते 'नानु ऊटा माडिदे' (म्हणजे मी जेवण केलं), त्यात माडिदे हे 'मी'ला धरूनच आहे, ऊटाला कोण विचारतंय. म्हणजे एका भाषेची चाल दुसऱ्या भाषेत शेकडो वर्षं शेजारी राहून शिरली आणि पिढ्यान्‌पिढ्या माणसं तसं बोलतायत. ह्याला चूक म्हणायचं तर मग लातूर-उस्मानाबादकडची अर्धी माणसंसुद्धा चुकीची धरावी लागतील.

(निलेशने मध्येच 'धाराशिव' म्हणून करेक्शन केलं. सवय.)

सलीमला ह्यात वेगळाच मुद्दा सापडला. त्याला कायम ऐकून घ्यावं लागतं ते 'भेटलं'वरून. तो म्हणतो 'पैसे भेटले', 'पार्सल भेटलं', आणि समोरचा हमखास म्हणतो काय पार्सलने मिठी मारली का. हा जोक त्याने इतक्या वेळा ऐकलाय की आता समोरच्याने तोंड उघडलं की हाच हात पसरतो. सलीम म्हणाला, "मजा अशीये की हा जोक करणारा माणूस स्वतः 'मी तुझी मदत करतो' म्हणतो, 'पुणे मध्ये राहतो' म्हणतो, तेव्हा त्याला कोण धरत नाही. कारण तो चांगल्या ऑफिसातला असतो."

मला विचाराल तर सगळ्या चर्चेतलं सगळ्यात खरं वाक्य हे होतं, पण त्या क्षणी ते कुणी उचललं नाही, कारण 'पुणे मध्ये' ऐकून स्वाती भडकली होती. तिचं म्हणणं 'केलो' ठीक आहे, ती आपली बोली, पण हे 'पुणे मध्ये', 'नाशिक मध्ये', 'सोलापूर ला' कुठून आलं? पुण्यात, नाशकात, सोलापूरला हे लहान पोरगंपण न शिकवता बोलतं, मग टाईप करतानाच शब्द तुटून का पडतो? सलीमकडे उत्तर होतं. तो म्हणाला मराठी जाहिराती, ॲपमधले मेसेज, बँकेचे एसएमएस हे बहुतेक हिंदी नाहीतर इंग्रजीवरून केलेले असतात, त्यात गावाचं नाव नंतर आपोआप चिकटवायचं असतं, त्यामुळे नावाला हात न लावता पुढे मध्ये लावून सोडून देतात. रोज तेच वाचून वाचून आता माणसंसुद्धा तसंच लिहायला लागलीत. दिवसभर मराठी ह्याच्या हाताखालून जाते त्यामुळे ह्याचं निरीक्षण आपण मानायला पाहिजे असं मला वाटतं.

आता निलेश. ह्याच्यावर थोडं जास्त लिहितो कारण तो ह्या प्रकरणातला सगळ्यात गमतीदार माणूस आहे. त्याला सगळे नियम पाठ. शेवटचं अक्षर दीर्घ असेल तर त्याच्या आधीचं इ-कार उ-कार ऱ्हस्व, म्हणून किडा, महिना, विळी. शब्दाच्या शेवटचं इ-कार उ-कार दीर्घ, म्हणून 'सुरु' नाही तर 'सुरू'. रवी सुटा असताना दीर्घ पण रविवारमध्ये ऱ्हस्व, शक्ती दीर्घ पण शक्तिमान ऱ्हस्व. फूल पण फुलाला, गरीब पण गरिबाला. पोलीस भरतीच्या पेपरात मराठी व्याकरणाला धरून प्रश्न असतात, शुद्ध शब्द ओळखा, आणि त्यात एकेका वेलांटीवर माणूस मेरिटच्या आत नाहीतर बाहेर. तर असा हा निलेश ग्रुपवर काय लिहितो? 'उद्या सकाळि ग्राउंड ला येनार कोन कोन'. मी त्याला मेसेज काढून दाखवला तर म्हणतो, "ते चॅट आहे, पेपर थोडीये."

दत्ता उडालाच. "अरे मग मीपण तेच म्हणतोय ना सकाळपासून!"

"नाही," निलेश म्हणाला, "मला बरोबर येतं आणि मी मुद्दाम चुकीचं लिहितो. तुला येतच नाही."

ह्यावर जो गोंधळ झाला तो लिहिण्यासारखा नाही. पण थंड डोक्याने पाहिलं तर तो बोलला त्यात तथ्य आहे, म्हणजे तथ्य असं की बहुतेक सगळे असंच मानतात. ज्याला येतं असं सगळ्यांना माहितीये त्याचं चुकीचं लिहिणं ही स्टाईल, आणि ज्याच्याबद्दल शंका आहे त्याचं तेच लिहिणं म्हणजे अडाणीपणा. एखादा मोठा पत्रकार 'लय भारी' लिहितो तेव्हा लोक म्हणतात काय मातीतली भाषा आहे, आणि तेच दत्ताने लिहिलं की मराठी बिघडली. शब्द तेच, पण लिहिणाऱ्याच्या नावाप्रमाणे मार्क बदलतात.

सलीमने मग फ्लेक्सचं पुराण काढलं. त्याच्याकडे मॅटर येतं ते व्हॉट्सॲपवर, बऱ्याचदा व्हॉइस मेसेजने, आणि टाईप ह्यालाच करायचं असतं. 'हार्दीक', 'आशिर्वाद', 'भावपुर्ण', 'पुण्यतीथी' हे ठरलेले पाहुणे. तो स्वतः काही मराठीचा पंडित नाही, उर्दू शाळेत शिकलेला, पण बारा-तेरा वर्षं हेच शब्द मारून मारून आता त्याचा हातच हार्दिक लिहितो. सगळ्यात जास्त गाजलेली चूक म्हणजे 'शुध्द', ज्यात ध आधी आणि द नंतर. त्याने समजावून सांगितलं, युनिकोडच्या आधी श्रीलिपी, कृतिदेव असल्या फाँटमध्ये द्ध ची की वेगळी शोधावी लागायची, नव्या ऑपरेटरला ती माहीत नसली की तो अर्धा ध मारून पुढे द ठोकायचा, दिसायला जवळपास सारखंच. मग तेच बोर्डावर, तेच लग्नपत्रिकेत, तेच शाळेच्या भिंतीवर. बोर्डावर वाचलेलं लोकांना खरं वाटतं. परिणाम असा की शुद्धलेखन हा शब्दच लोक अशुद्ध लिहितात आणि पत्ता लागत नाही.

"आणि सत्तावीस फेब्रुवारीला?" निलेशने विचारलं.

सत्तावीस फेब्रुवारीला सलीमकडे दरवर्षी चार-पाच बॅनर असतात, मराठी भाषा गौरव दिनाचे. त्यातल्या एकावर तरी 'दीन' येतंच, म्हणजे गरीब बिचारा. आणि निलेशचं दुखणं त्याच्याही पुढचं, निम्मे लोक त्या दिवशी 'राजभाषा दिन' छापतात, तो असतो १ मे ला, सत्तावीस तारीख कुसुमाग्रजांच्या जन्मदिवसाची, तो गौरव दिन. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हाही सलीमकडे अभिनंदनाचे फ्लेक्स आले होते आणि एकाच्या मॅटरमध्ये 'अभीजात' होतं. हे मात्र त्याने न विचारता दुरुस्त केलं.

"न विचारता करतोस?" स्वातीने विचारलं.

"सगळं करतो. नाव सोडून." एकदा त्याने 'प्रविण'चं 'प्रवीण' केलं होतं, कारण शब्द तसाच आहे. गिऱ्हाईक म्हणालं आमच्या अण्णांचं नाव तू कोण बदलणारा, आणि दहा बाय वीसचा फ्लेक्स स्वतःच्या खर्चाने परत मारून द्यावा लागला. तेव्हापासून त्याच्याकडे नियम, नावाला हात लावायचा नाही.

इथून स्वातीचा विषय सुरू झाला आणि तिने सगळ्यांना गप्प केलं. आम्ही सगळे हसत होतो त्या वेलांटीवर तिच्या टेबलासमोर माणसं रडतात. दहावीच्या सर्टिफिकेटवर सुनिल, आधारवर सुनील, सातबाऱ्यावर सुनिल पण वडलांचं नाव वेगळं, आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका ठिकाणी डबल ई. कुठलं तरी अनुदान अडकतं, कुणाची वारसनोंद अडकते. मग प्रतिज्ञापत्र करा, राजपत्रात नाव बदलाची जाहिरात द्या, चकरा मारा. माणूस तोच, गाव तेच, बापसुद्धा तोच. ती म्हणाली, "तुम्ही म्हणता कळलं ना मग झालं. माणसाला कळतं रे. कॉम्प्युटरला सुनिल आणि सुनील ही दोन वेगळी माणसं वाटतात."

दत्ता म्हणाला ते सरकारी काम झालं, चॅटचा काय संबंध. स्वाती म्हणाली संबंध आहे, कारण हल्ली लोक नाव, जन्मतारीख, पत्ता सगळं व्हॉट्सॲपवरच पाठवतात आणि ती तिथून कॉपी-पेस्ट करते. चॅट आणि कागद ह्यांच्यामधली भिंत तुला वाटते तेवढी जाड राहिलेली नाही.

निलेश तेवढ्यात स्वतःच्या नावाबद्दल काहीतरी पुटपुटला. नियमाने बघितलं तर ते नीलेश, नील अधिक ईश. त्याच्या सगळ्या कागदांवर निलेश. चार वर्षं शुद्ध शब्द ओळखणारा माणूस फॉर्म भरताना पहिल्याच रकान्यात अशुद्ध शब्द लिहितो आणि तो लिहायलाच लागतो, नाहीतर फॉर्म बाद.

काका हसले नाहीत. ते म्हणाले तुम्ही नियम नियम करताय पण माझ्या डोळ्यांसमोर नियम बदललेत. ते शाळेत गेले तेव्हा 'नांव', 'कांही', 'पांच' असं लिहायचे, 'घरांत', 'त्यानें', डोक्यावर टिंब दिलं नाही तर गुरुजी हातावर छडी द्यायचे. मग मराठी साहित्य महामंडळाने नवे नियम केले, १९६२ साली सरकारने ते १४ नियम मान्य केले, १९७२ ला अजून ४ आले, एकूण १८. ज्या टिंबासाठी मार खाल्ला ते टिंब एका फटक्यात चूक ठरलं. काका म्हणाले, "मी नोकरीला लागलो तेव्हा जुनी लेखक मंडळी अजून सगळीकडे अनुस्वार देऊन मॅटर पाठवायची आणि आमचा खिळे जुळवणारा पोरगा, सातवी पास, ते खुडून टाकायचा. मोठमोठ्या माणसांची टिंबं एका सातवी पासने काढली." त्याच्याही आधीच्या एका मासिकात त्यांनी 'अितका' आणि 'अुशीर' असं छापलेलं बघितलंय, सावरकरांच्या लिपीसुधारणेतली ती अ ची बाराखडी, ती काही टिकली नाही.

मला त्यांचा पुढचा मुद्दा जास्त आवडला. मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घ असा भेदच पाळत नाहीत. एकच वेलांटी, एकच उकार. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, स्वल्पविराम पूर्णविराम नाहीत, वर एक रेघ ओढली की खाली ओळच्या ओळ सलग. पुण्याच्या पेशवे दफ्तरात असल्या कागदांचे रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडातले गठ्ठे, बांधून ठेवलेत. वसुली, वतनं, तह, तक्रारी, लष्कराचे हिशोब, एवढा कारभार ह्या मराठीत झाला आणि कुणाचं पहिली वेलांटी का दुसरी ह्यावरून काही अडलं नाही.

दत्ता खूष. म्हणाला म्हणजे मी शिवाजी महाराजांच्या काळाप्रमाणे लिहितो.

"थांब," काका म्हणाले. "मोडी लिहिणारे कारकून पत्राचा मायना, तारीख, कुणी कुणाला लिहिलं, मजकूर कुठे संपला, हे सगळं ठरलेल्या साच्यात लिहायचे. वाचणारापण तोच साचा शिकलेला. वेलांटी सैल होती, बाकी काही सैल नव्हतं. तू पाण्याचा मेसेज टाकलास तो कुठल्या साच्यात होता?"

पाण्याचा मेसेज. हे सांगायलाच पाहिजे. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, मध्ये काही दिवस जातात, त्यामुळे पाणी कधी येणार हा प्रत्येक बिल्डिंगच्या ग्रुपवरचा सगळ्यात महत्त्वाचा मेसेज. दत्ता त्याच्या बिल्डिंगचा सेक्रेटरी. मागच्या महिन्यात त्याने टाकलं:

'उद्या पाणी येणार नाही आलं तर फोन करा'

आता वाचा तुम्हीच. उद्या पाणी येणार, नाही आलं तर फोन करा? का उद्या पाणी येणार नाही, आलं तर फोन करा? निम्म्या बिल्डिंगने पहिलं वाचलं आणि निवांत झोपली, निम्म्याने दुसरं वाचलं आणि रात्री होतं नव्हतं ते पाणी जपून, धुणं पुढे ढकलून बसली. सकाळी सात वाजता दत्ताला दोन्ही पार्ट्यांचे फोन. ह्यात एकही शब्द अशुद्ध नाही. निलेशने तपासला, येणार बरोबर, पाणी बरोबर, सगळं पैकीच्या पैकी. फक्त एक टिंब नाही.

दत्ताचा बचाव असा की तो बोलून टाईप करतो, मोबाईलसमोर बोलायचं आणि ते आपोआप उमटतं, रिपेअरिंग करताना हात मोकळे नसतात, आणि त्यात पूर्णविराम येतच नाही. शिवाय चॅटमध्ये पूर्णविराम दिला की लोकांना वाटतं रागावलाय. हे मात्र सगळ्यांनी मान्य केलं, स्वातीला तिच्या वहिनीने 'बरं.' असं टिंब देऊन पाठवलं तर दिवसभर तिच्या डोक्यात तेच, काय चुकलं माझं. म्हणजे टिंबाला चॅटमध्ये नवीनच अर्थ आलाय जो कुठल्याच नियमात नाही पण सगळ्यांना माहितीये. मग त्यावर तोड काय, तर दत्ता आता दोन वाक्यं दोन वेगवेगळ्या मेसेजमध्ये टाकतो. 'उद्या पाणी येणार'. खाली 'नाही आलं तर फोन करा'. पूर्णविरामाचं काम सेंडच्या बटणाने होतं. काकांना हे फार आवडलं, म्हणाले हे चांगलंय, हे मला सुचलं नसतं.

माझं मत विचारलं म्हणून सांगतो, आणि कट्ट्यावर बोलताना मला ते धड मांडता आलं नाही म्हणून इथे लिहितोय. आपण तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतो आणि वर अशुद्ध म्हणून चिठ्ठी लावतो. 'केलो' आणि 'भेटलं' ही चूकच नाही, ती माणसाच्या घरची भाषा आहे, तिला हात लावायला गेलात तर तो माणूस व्याकरणावर नाही, स्वतःच्या आईवर बोलल्यासारखं घेणार आणि बरोबरच घेणार. सुरु का सुरू, ही चूक आहे पण गप्पांमध्ये तिने कुणाचं काही जात नाही, फोनवर तो ऱ पटकन सापडत नाही म्हणून ऱ्हस्व हा शब्दसुद्धा लोक चार प्रकारे लिहितात, मी तर ते वाचताना बघतही नाही. पण पाण्याचा मेसेज, किंवा ते इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी, ज्यात टी ए एल ए म्हणजे टाळा का ताला का तळा हे वाचणाऱ्याने ओळखायचं, तिथे मात्र मला राग येतो, कारण तिथे लिहिणाऱ्याने स्वतःचे दोन सेकंद वाचवून वाचणाऱ्या चाळीस जणांचे घालवलेले असतात. आणि गंमत बघा, टोकणारी माणसं नेमकी पहिल्या दोनवर तुटून पडतात आणि ह्या तिसऱ्याला काहीच म्हणत नाहीत. कारण केलो पकडायला अक्कल लागत नाही.

निलेशला हे पटलं नाही. तो म्हणाला आज चॅटमध्ये सैल सोडलं की उद्या हात तेच धरतो, त्याच्या क्लासमधली पोरं सरावात 'येनार' लिहून ठेवतात आणि त्यांना दिसतसुद्धा नाही. इंग्रजीत चुकलं की खाली लाल रेघ तरी येते, मराठीत बऱ्याच ठिकाणी तीही येत नाही, म्हणजे कुणीतरी माणसानेच सांगायला पाहिजे ना. हा मुद्दा मला खोडता आला नाही. मी एवढंच म्हणालो की सांग, पण त्याला एकट्याला बाजूला मेसेज करून सांग, पन्नास लोकांच्या ग्रुपवर हात जोडून नको.

त्यावर स्वाती म्हणाली पन्नास लोकांच्या ग्रुपवर लिहितात किती जण ते आधी मोजा. तिच्या माहेरच्या ग्रुपवर तीन काकू आहेत, सगळं वाचतात, कुणाच्या घरी काय झालं सगळं पाठ, पण लिहीत कधीच नाहीत. फूल, हात, दिवा, बास. एकदा एकीने 'अभिनदंन' लिहिलं होतं, कुणीतरी भाच्याने हसण्याचे इमोजी टाकले, त्यानंतर ती बाई फुलावर आली ती आजतागायत फुलावरच आहे.

सलीम काकांकडे वळला. "काका, राग मानू नका, पण आपल्या कट्ट्याच्या ग्रुपवर तुमचा एकतरी शब्द आहे का? कायम अंगठा असतो."

खरंच होतं. मी मागे जाऊन बघितलं, अंगठा, अंगठा, अंगठा, दिवाळीला दोन अंगठे.

काका म्हणाले टाईप करायला घेतो मी, पण पुरं होत नाही. एकेक शब्द दोनदा बघतो, कीबोर्ड वर सुचवतो ते बरोबर आहे का बघतो, तोवर तुम्ही तिसऱ्याच विषयावर गेलेले असता. चाळीस वर्षं लोकांच्या चुका काढल्या, आता माझी एक सापडली तर?

"मग बोलून टाका की," दत्ता म्हणाला, "माझ्यासारखं. माईक दाबायचा आणि सुरू."

"बोललो तर अजून पंचाईत. मी घरी पानी म्हणतो. आई पानी म्हणायची, मीपण पानीच म्हणतो, बायकोला आता सवय आहे. शाळेत 'ण' म्हण म्हणून किती वेळा उभं केलंय माहितीये? वर्गात हसायचे, आणि नुसते 'न'ला हसायचे नाहीत, आम्ही कुठल्या वस्तीतून आलोय ते त्यात असायचं. म्हणून तर प्रूफाच्या टेबलावर जाऊन बसलो. म्हटलं आता बघू कोण माझा ण काढतो."

निलेश काहीतरी बोलणार होता, बोलला नाही. दत्ताने काकांच्या हातातून फोन घेतला, आमचा ग्रुप उघडला, माईकचं बटण कुठे ते दाखवलं आणि म्हणाला हे घ्या, कुणी हसलं तर त्याला ग्रुपमधून काढायचं काम माझं, ॲडमिन मी आहे. काकांनी फोन तोंडाजवळ नेला, घसा साफ केला आणि पहिलं वाक्य म्हणाले, "दत्ता, उद्या पानी येनार का नाही ते नीट सांग बाबा."

फोनने 'पाणी येणार' असं उमटवलं, दोन्ही ण सकट. काकांनी स्क्रीनकडे बघितलं आणि आयुष्यभराच्या सवयीने म्हणाले, "हे मी बोललो नाही. ह्याला दुरुस्त कसं करायचं?"